तळाचा पत्रा नवा, कामगार मात्र उघड्यावर

म्हैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुर असो की सीमाभागातले आपले निपाणी, दोन्हीकडे तंबाखूचा मुलूख. तिथला माल वाहणारा ट्रक जुना झाला की तळातून गंजतो. चिखल केबिनच्या खालच्या घड्यांत साचतो, मॅटखाली पावसाचे पाणी राहते, आणि एक दिवस ड्रायव्हरला क्लचच्या पेडलखालून रस्ता दिसू लागतो. मग गाडी पत्र्याच्या शेडमध्ये येते.

जुन्या मॉडेलचा तळपत्रा तयार मिळणे कठीण, म्हणून तो हातानेच घडवावा लागतो. गंजका भाग कापण्याआधी कारागीर केबिनला आतून आडवे टेके देतो, नाहीतर दाराची चौकट सरकते. पुठ्ठ्याचा फर्मा काढून तो नवा पत्रा कापतो, कडा वाकवतो, मजबुतीसाठी पन्हाळी मारतो. वेल्डिंग टाके घालत, जागा बदलत करतो. सलग ओढले की पत्रा तापून फुगतो. हे कसब कोणत्याही प्रमाणपत्रावर नसते. मालक त्याला किरकोळ काम म्हणतो आणि मजुरीही तशीच लावतो.

या किरकोळ कामात जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आला की त्याचा धूर छातीत जातो. रात्री हुडहुडी भरून ताप येतो, एखाद्या दिवसात उतरतो, आणि आमचा वेल्डर बांधव गूळ-दूध घेऊन पुन्हा कामावर हजर! गूळ जरूर खावा, पण त्याने फुप्फुस धुऊन निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणारा ठरवला. शेडमध्ये धूर ओढणारा पंखासुद्धा नसतो.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या मूळ कारखाने कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा आकडा वीस केला. चार-पाच माणसांची शेड पूर्वीही बाहेर होती. आता बारा-पंधरा जणांचीही बाहेर. धूर माणसे मोजून निघत नाही, हे दिल्लीत कोणाला सुचले नाही काय?

2020 च्या टाळेबंदीत एस.टी. महामंडळाने जुन्या प्रवासी गाड्यांचे मालट्रक केले. काम त्याच जातीचे, पण तिथल्या कामगाराला हजेरीपट आहे, संघटना आहे. शेडमधल्या माणसाचे नावही कुठे लिहिलेले नसते.

सामाजिक सुरक्षा संहितेत एक वाट आहे. धोकादायक व्यवसाय म्हणून केंद्राने अधिसूचना काढली, तर एकच कामगार असलेल्या ठिकाणीही राज्य विमा लागू करता येतो. वाहनांच्या बॉडीचे वेल्डिंग त्या यादीत घालावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. तोवर शाखांनी स्वस्थ बसू नये. प्रत्येक शेडमधल्या कामगारांची नावे, कामावर लागल्याची तारीख व रोज वहीत नोंदवून घ्यावा. विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये अपघात झाल्यास भरपाईला डोक्यांच्या संख्येची अट नाही. पण आपण तेथे कामाला होतो हे कामगारालाच सिद्ध करावे लागते, आणि त्या दिवशी मालक ओळख दाखवीलच असे नाही.