एका संगणकात चार ब्राउजर

गेल्या जुलैत हिमायतनगरला मित्राच्या ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात बसलो होतो. पीकविम्याची गर्दी. सोयाबीनवाले शेतकरी सातबारा हातात धरून रांगेत, आणि ४ जीबी रॅमचा संगणक नुसतं गोल चक्र फिरवतोय.

"मशीनच जुनी झाली ना," मित्र म्हणाला. मला काही ते पटेना. टास्क मॅनेजर उघडला. पीकविम्याचं पोर्टल क्रोममध्ये चालू होतं, ते ठीकच. पण शेजारी बिलाचा एक प्रोग्राम, चॅटिंगचा एक, नोंदी ठेवायचा एक. वरून तिन्ही साधेसुधे, आतून प्रत्येकात एकेक अख्खं क्रोमियम!

ही करामत इलेक्ट्रॉनची. गिटहबने २०१३ साली आपल्या ॲटम एडिटरसाठी ते बनवायला घेतलं. एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्ये एकदा लिहा आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालवा. फक्त प्रत्येक प्रोग्रामसोबत क्रोमियम आणि नोडची वेगळी प्रत येते. नुसतं 'नमस्कार' दाखवणारा प्रोग्रामसुद्धा १०० एमबीच्या वर जातो. लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आपापला आचारी आणि चूल सोबत आणावी, तसं हे.

एक फायदा मात्र मान्य करतो. एक्सपीच्या काळात मराठी नीट दिसायला सीडी शोधून, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत टिक करून बसावं लागे. नाहीतर वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं तुटलेली. (किती जणांच्या घरी जाऊन हे केलंय!) क्रोमियम ही कटकट स्वतःच निस्तरतं. पण मंडळी, तेच काम आधीपासून बसवलेला ब्राउजरही करतो की!

माझं भांडण वेब तंत्रज्ञानाशी नाहीच. जे ब्राउजरमध्ये जसंच्या तसं चालतं ते तिथूनच इन्स्टॉल करू द्या. क्रोम आणि एजमध्ये ती सोय आहे, सर्व्हिस वर्कर नीट लिहिला तर नेट गेलं तरी काम अडत नाही. फाईली, प्रिंटर वगैरेंशी थेट बोलायचंच असेल तर टॉरी आहे, ते सिस्टीममधलाच वेबव्ह्यू वापरतं. "पण प्रत्येक मशीनवर त्याची आवृत्ती वेगळी, टेस्टिंग वाढतं," असं डेव्हलपर म्हणतात. वाढेल ना! तुमचं टेस्टिंग वाचावं म्हणून जादा रॅम माझ्या मित्राने का विकत घ्यायची? मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये टीम्स इलेक्ट्रॉनवरून वेबव्ह्यू२ वर नेलं आणि मेमरी निम्मी लागते असं स्वतःच जाहीर केलं. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

असो. मित्राने त्या दिवशी तिन्ही प्रोग्राम बंद केले, तेव्हा कुठे रांग पुढे सरकली. बिलं संध्याकाळपर्यंत वहीतच लिहिली.