पाणवठ्यावरची पौर्णिमा

वैशाख पौर्णिमेची सकाळ आपल्या शाळेत कशी उजाडते, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. धम्मध्वजारोहण, त्रिशरण-पंचशील, वंदना आणि खीरदान. त्याच रात्री आम्ही काही शिक्षक व माजी विद्यार्थी पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात मचाणावर बसतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसेल. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची वन विभागाची प्रथा आहे. त्या कामात आम्ही स्वयंसेवक असतो.

"तिथे बसून मिळते काय, गुरुजी?" असे एका पालकांनी आम्हांस विचारले. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची लेकरे येथे शिकतात; त्यांनी पुस्तक मिटून मोर का पाहावेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम आनंदाविषयी. दिवस कलताना लांडोरी येतात, माना उंचावून कानोसा घेतात; मागून मोर पिसारा सावरीत पाण्याशी उतरतो. अंधार दाटण्यापूर्वी ते उंच झाडांवर जाऊन बसतात. मग कधी ससा येतो, कधी पिलांसह रानडुकरांचा कळप. कधी तासन्‌तास कोणीच येत नाही. तक्त्यातील रकाना कोरा राहतो आणि तो कोराच ठेवावयाचा असतो. जे पाहिले नाही ते लिहावयाचे नाही, ही शिस्त इतिहासाच्या विद्यार्थ्यास ओळखीची वाटते. गप्प राहून पाहणे हीदेखील एक विद्याच आहे.

१९९४ साली घोषित झालेले हे सुमारे ३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य मोरांसाठी आहे. मोर म्हटले की आम्हांस सम्राट अशोक आठवतो. पूर्वी आपल्या पाकशाळेत असंख्य प्राणी मारले जात. आता दोन मोर व एक हरिण एवढेच मारले जातात आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे त्याने पहिल्या शिलालेखात नोंदविले. राजाने आपल्याच ताटातील उणीव दगडावर कोरून ठेवावी, ही इतिहासातील दुर्मीळ गोष्ट होय.

तथापि पाणवठा म्हटला की आपणांस महाडही आठवते. ज्या तळ्यावर गुराढोरांना मुभा होती, तेथे आपल्या पूर्वजांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. म्हणूनच आपल्यातील काहींना पशुपक्ष्यांवरील दया हे माणसाला पाणी नाकारणाऱ्यांचे ढोंग वाटते. हा राग खोटा नाही. परंतु बाबासाहेबांनी पाणी मागितले ते माणसाच्या हक्कासाठी. कोणा जीवाच्या तोंडचे काढून घेण्यासाठी नव्हे. तहान काय असते हे ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले, त्यांच्याइतके पाणवठा राखण्यास अधिक पात्र कोण?

करुणा अर्धवट मात्र नसावी. कोरडवाहू शेतकऱ्याने पेरलेला दाणा मोर टिपतो, रानडुकरे उभे पीक लोळवितात. त्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी असे म्हणणे वन्यजीवांच्या विरोधात जात नाही. तेही पंचशीलाच्या पहिल्या शीलातच बसते.

म्हणून आमची विनंती अशी : शाळेत पक्ष्यांची एक नोंदवही असावी आणि ती विद्यार्थ्यांनीच लिहावी. वन विभागाच्या परवानगीने वर्षातून एकदा त्यांना दिवसा अभयारण्यात न्यावे. आणि माजी विद्यार्थ्यांनो, पुढील वैशाख पौर्णिमेस खीरदानानंतर एक रात्र आमच्यासोबत मचाणावर या. आपल्या लेकरांनी अधिकारी व्हावेच. पण ज्या मातीच्या कारभाराचे कागद उद्या त्यांच्या टेबलावर येतील, त्या मातीत कोण कोण राहते, हे त्यांना आजच ठाऊक असावे.

जय भीम! नमो बुद्धाय!