रुमाल सोडा, वाचा

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनी कागदपत्रं एकत्र बांधून ठेवायच्या चौकोनी कापडाला दफ्तरखान्यात रुमाल म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, म्हणजे आजच्या अभिमत विद्यापीठात, इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ साली आला. नाना फडणीसांचं मेणवली दफ्तर त्यातलंच. पारसनीस, वि. का. राजवाडे हे संशोधक गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरले म्हणून असे कागद हाती लागले. वाईला मिळालेल्या पत्रांतून राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला आणि पानिपताचा इतिहास मुळापासून नव्याने लिहावा लागला.

अशा दफ्तरातलं रोजचं काम बाहेरच्याला दिसत नाही. रुमाल सोडायचा, मऊ कुंचल्याने धूळ झाडायची, घडी हलक्या हाताने उलगडायची, कसर लागली आहे का पाहायचं. मग कागद वाचून सूचीत नोंद करायची: कोणी, कोणाला, कुठून, कधी, कशाबद्दल. यातलं ‘कधी’ फार दमवतं. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं असतं. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे महिना पाहूनच १७६० की १७६१ ते ठरतं. त्यात हे कागद ज्या मोडी लिपीत असतात तिच्यात शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. एका ओळीपायी अख्खी दुपार जाते.

हातकागद आणि काजळीची शाई यांनी दोन-अडीचशे वर्षं सहज काढली आहेत. उलट गेल्या शतकातला गिरणीचा कागद आम्लामुळे पिवळा पडून हातात मोडतो. वाळवी, ओल, सेलोटेप हे दोघांचेही वैरी. पण मला सर्वांत मोठा धोका वाटतो तो वाचणारा माणूस नसण्याचा. स्कॅन करून ठेवलं की काम संपलं, असा समज पसरला आहे. स्कॅनमुळे मूळ कागदाची हाताळणी थांबते, म्हणून तेही हवंच. पण वाचून सूचीत न चढलेला कागद शोधायचा कोणी आणि कसा? तो कपाटात राहिला काय किंवा संगणकात राहिला काय, अभ्यासकाच्या लेखी तो नाहीच. पाटाच्या पाण्याचा तंटा, दुष्काळातली सूट, एखाद्या विधवेचा वतनासाठीचा अर्ज, असं किती काय न वाचलेल्या रुमालांत असेल! राजेरजवाड्यांची चरित्रं लिहिली जातील. या माणसांची दुसरी नोंद कुठेच नाही.

म्हणून विद्यापीठांना सांगणं आहे: दफ्तराची रिकामी पदं भरा, मोडीचा वर्ग बंद पडू देऊ नका. विद्यार्थ्यांनो, मुळाक्षरं काही आठवड्यांत येतात. हात बसायला वर्ष जातं, ते द्या. निवृत्त शिक्षक, तलाठी, वकील यांनी तर यावंच. जमिनीच्या कागदांची भाषा तुमच्याइतकी कोणाला कळणार? आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांची ट्रंक आहे त्यांनी ती रद्दीत घालू नये. कागद चिकटवू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, उन्हात वाळवू नका. आहेत त्याच क्रमाने ठेवा आणि जवळच्या विद्यापीठाला कळवा. मूळ कागद द्यायचे नसतील तर निदान त्यांची छायाचित्रं काढू द्या. दिवाळीची साफसफाई सुरू होण्याआधी हे करा.