पेटी आपली, किल्ली कोणाची?

दादरा-नगर हवेलीतील खेरडी या गावाहून आमच्या एका वाचकाने पाठविलेले पत्र गेला आठवडाभर आमच्या मेजावर आहे. पत्रात कोणावर आगपाखड नाही, की कसली मागणी नाही. मुलगा सिल्वासाच्या परिसरातील एका कारखान्यात साच्यांचे आराखडे काढण्याचे काम शिकतो. त्याच्यासाठी वडिलांनी गेल्या दिवाळीला एका नामांकित कंपनीचा तयार संगणक घेतला. साधे आराखडे त्यावर ठीक चालत. पण त्रिमितीय आराखडा उघडला की पडद्यावरील चित्र जागीच थिजे. जाणत्यांनी सल्ला दिला, ग्राफिक्स कार्ड बसवा. साठवलेल्या पैशांतून कार्ड आले, वापीच्या एका दुकानात पेटी उघडली गेली, आणि मग एकेक प्रकार ध्यानात आला. कार्ड पेटीत मावेना. पेटीतील वीजपुरवठ्याचा डबा कार्डाला पुरा पडेना. तो डबाच बदलावा, तर त्याचा जोड बाजारातील कोणत्याही डब्याशी जुळेना. दुकानदाराने काही रक्कम कापून कार्ड परत घेतले. पुढे महिन्याभरात संगणकाची हार्ड डिस्क बिघडली, तेव्हा कंपनीच्या माणसाने पेटीवरील फाटलेल्या चिकटपट्टीकडे बोट दाखवून हमी नाकारली. पत्राच्या अखेरीस या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला आहे: पैसे मी मोजले, पेटी माझ्या घरात आहे, मग ती उघडण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. महागाई, पाणी, रोजगार असे जिव्हाळ्याचे विषय सोडून संगणकातल्या एका कार्डावर अग्रलेख कशाला, असेही कोणी म्हणेल. तथापि ज्या नगर हवेलीने १९५४ साली आणि ज्या गोव्याने १९६१ साली परकी सत्तेचे जोखड झुगारले, तेथील माणसाला आपल्या घरातील वस्तूवर आपली सत्ता किती, हा प्रश्न पडावा, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. विकत घेणे आणि वापरण्याची परवानगी मिळवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकानात पहिलीचे मोल द्यावे आणि घरी आल्यावर हाती दुसरी पडावी, हा व्यवहार सरळ नव्हे.

मुळात हे यंत्र असे बंदिस्त नव्हते. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा ठेवल्या होत्या आणि आतल्या मंडलांचे नकाशे तांत्रिक पुस्तिकेत छापून खुले केले होते. इतकेच नव्हे, तर पडद्यावर अक्षरे व चित्रे उमटवणारे कार्डही ग्राहकाने गरजेप्रमाणे वेगळे निवडावयाचे असे. केवळ लेखनाचे काम असणाऱ्याने एक घ्यावे, रंगीत चित्रे हवी असणाऱ्याने दुसरे. म्हणजे खेरडीच्या मुलाला आज जी मुभा मिळत नाही, ती या यंत्राच्या जन्मापासून त्याच्या रचनेतच होती. तिच्याच बळावर जगभर शेकडो कंपन्या सुटे भाग बनवू लागल्या, किमती उतरल्या, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर भाग निवडून, जोडून घेतलेला संगणक मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचला. १९९५ साली आलेल्या एटीएक्स या प्रमाणाने मदरबोर्ड, पेटी व वीजपुरवठा यांची मापे ठरवून दिली. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसू लागला तो त्यामुळे.

मग तयार संगणकात अडचण कोठे येते? पहिली अडचण विजेची. मदरबोर्डवरील ज्या खाचेत ग्राफिक्स कार्ड बसते, ती खाच कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकते. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डाला थेट वीजपुरवठ्याच्या डब्यातून वेगळी तार द्यावी लागते. सहा टाचण्यांच्या तारेतून आणखी ७५ वॅट, आठ टाचण्यांच्या तारेतून १५० वॅट. कार्यालयासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक तयार संगणकांतील डबा मात्र जेमतेम १८० ते ३०० वॅटचा असतो आणि त्यातून अशी जादा तार निघतच नाही. अशा पेटीत दोनशे वॅट खाणारे कार्ड बसवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दुसरी अडचण जागेची. शोभेसाठी पेट्या अरुंद झाल्या. त्यांत पूर्ण उंचीचे कार्ड उभे राहत नाही, आखूड उंचीचेच शोधावे लागते. तिसरी अडचण जोडाची, आणि आमच्या मते दोषाचे मूळ येथे आहे. काही बड्या कंपन्या प्रमाणित चोवीस टाचण्यांच्या जोडाऐवजी स्वतःचा निराळा जोड वापरतात. मग डबा बदलायचा तर त्याच कंपनीचा हवा, नाहीतर बदलजोड तार शोधत फिरायचे. वीज थोडी असणे हा काटकसरीचा भाग म्हणता येईल, पेटी अरुंद असणे हा रुचीचा भाग म्हणता येईल. परंतु जोड मुद्दाम वेगळा ठेवून ग्राहकाला एकाच दारी बांधून ठेवणे याला दुसरे नाव शोधावे लागेल.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अडाणी हाताने पेटी उघडली तर स्थिर विजेचा एक झटका मदरबोर्ड निकामी करू शकतो. हलक्या प्रतीचा डबा बसवला तर आग लागण्याचे भय असते. कार्डाची उष्णता बाहेर जाण्यास वाट नसेल तर शेजारचे भाग तापून मरतात. हे सर्व खरे आहे. चूक ग्राहकाची असेल, तर तिचे ओझे कंपनीने वाहावे असे कोणीही म्हणणार नाही. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. ज्या भागाचे नुकसान ग्राहकाच्या हाताने झाले, तेवढ्यापुरती हमी नाकारावी. कार्ड बसवून पाहिले म्हणून हार्ड डिस्कची हमी बुडाली, हा न्याय कोणता? या दोहोंचा कार्यकारणसंबंध दाखवण्याचे ओझे कंपनीवर असले पाहिजे, ग्राहकावर नव्हे.

आपल्या किनारपट्टीला या प्रश्नाचे आणखी एक अंग आहे. खाऱ्या दमट वाऱ्यात धातूचे जोड लवकर गंजतात. पावसाळ्याचे चार महिने पेटीत ओलसर धूळ चिकटून बसते आणि पंखे कुरकुरू लागतात. अशा हवेत पेटी वेळोवेळी उघडून झाडली नाही, तर यंत्राचे आयुष्य निश्चित घटते. चिकटपट्टी फाटली की हमी संपली, हा नियम मानला तर गृहस्थाने यंत्र राखण्यासाठी केलेली साधी साफसफाईही गुन्हा ठरेल. आमच्या कोळी बांधवांच्या होडीला नवे इंजिन बसते, तेव्हा होडी बांधणारा सुतार येऊन आपली खूण मोडली म्हणून भांडत नाही. चतुर्थीपूर्वी घराला नवी पडवी काढली म्हणून जुन्या भिंतींची जबाबदारी झटकणारा गवंडी गावात टिकत नाही. जो न्याय होडीला आणि घराला, तोच संगणकाला का नसावा?

परदेशात याचा विचार पुढे गेला आहे. अमेरिकेत १९७५ पासून असलेल्या हमीविषयक कायद्याच्या आधारे तेथील संघीय व्यापार आयोगाने जुलै २०२४ मध्ये ॲसरॉक, गिगाबाईट आणि झोटॅक या कंपन्यांना ताकीदपत्रे धाडली. संगणकाचे भाग व ग्राफिक्स कार्डे विकणाऱ्या या कंपन्यांच्या ‘चिकटपट्टी काढल्यास हमी रद्द’ अशा अटींविषयी आयोगाने चिंता व्यक्त केली होती. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याविषयीचे संकेतस्थळही सुरू केले. पाऊल स्तुत्य आहे. परंतु समितीने प्रारंभी निवडलेली क्षेत्रे चार: शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या. मेजावरच्या संगणकाला या यादीत स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. शिवाय संकेतस्थळावरील माहिती हा सल्ला झाला. सल्ल्याला कायद्याची धार नसते.

तरीही खेरडीचे हे गृहस्थ अगदीच निराधार नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे. ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणाऱ्या एकतर्फी अटी तिच्या कक्षेत तपासता येतात. सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हमी नाकारल्याचे कारण कंपनीकडून लेखी मागून घ्यावे, एवढा सल्ला आम्ही त्यांना आवर्जून देऊ. तोंडी नकार वाऱ्यावर विरतो. लेखी नकार पुरावा होतो.

सरकारची जबाबदारी केवळ कायदे करण्यापुरती नाही. सरकार हा स्वतः फार मोठा ग्राहक आहे. गोवा शासनाने २००२ च्या सुमारास अकरावीच्या विद्यार्थ्यांना घरी संगणक देणारी सायबरएज योजना हाती घेतली, तेव्हा देशात तिचे कौतुक झाले. शाळा, पंचायती, कार्यालये यांसाठी आजही संगणकांची खरेदी होत असते. ती करताना निविदेत एकच अट घालावी: वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्ड व पेटी प्रमाणित मापाची असावी आणि स्मृती, साठवण व ग्राफिक्स कार्ड वाढवल्याने उरलेल्या भागांची हमी बाधित होऊ नये. जो मालक हजारांनी संगणक घेतो, त्याचे कंपन्यांना ऐकावेच लागते. खेरडीच्या एकट्या बापाचा आवाज ज्या दारी पोहोचत नाही, तेथे ही अट विनासायास पोहोचेल, आणि सरकारसाठी बदललेली रचना पुढे सर्वांसाठीच बदलेल.

या मागणीला आजच्या काळाची निकडही आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि धडधाकट असूनही अनेक जुने संगणक अडगळीच्या वाटेला लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्मृतीच्या चिपांचे भाव कडाडले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना त्या प्रथम हव्या आहेत. नवे यंत्र महाग आणि जुने वाढवता येत नाही, अशा कात्रीत सामान्य घर सापडते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली, हे योग्यच झाले. पण कचरा गोळा करण्यापेक्षा तो होऊ न देणे अधिक शहाणपणाचे. दहा वर्षे चालू शकणारी पेटी पाचव्या वर्षी भंगारात जाते, तेव्हा घराचा पैसा तर जातोच, गावच्या कडेला एक ढीगही वाढतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोरांच्या खेळाची चैन, हा समजही आता सोडला पाहिजे. १९९९ साली एन्व्हिडिया कंपनीने आपले जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हा त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः खेळाडू होते, हे खरे. आज याच जातीच्या चिपांवर पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी’ हा २०२० चा महासंगणक चालतो. साच्याचा आराखडा, घराचा नकाशा, चित्रपटाचे संकलन, वैद्यकीय प्रतिमांचा अभ्यास ही सारी कामे अशा कार्डावाचून अडतात. औद्योगिक वसाहतींच्या छायेत वाढणाऱ्या मुलाला चांगले कार्ड मिळणे म्हणजे त्याला कारखान्याच्या फाटकातून आराखड्याच्या खोलीपर्यंत नेणारी पायरी मिळणे होय. ती पायरी एका चिकटपट्टीने काढून घ्यावी, हे आम्हांस मान्य नाही.

जाता जाता वाचकांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तयार संगणक घेताना दर्शनी झळाळीला भुलू नये. वीजपुरवठ्याचा डबा किती वॅटचा, त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी जादा तार निघते का, जोड प्रमाणित आहे का, पेटीत किती लांबीचे व उंचीचे कार्ड बसते, हे प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी विचारावेत आणि उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. जुन्याच पेटीत भागवायचे असेल, तर केवळ खाचेतल्या विजेवर चालणारी कार्डे मिळतात. सहा गिगाबाईट स्मृतीचे आरटीएक्स ३०५० हे त्यांपैकी एक असून त्याची ठरीव भूक ७० वॅटची आहे. तरीही डब्याची एकूण ताकद आणि पेटीतील जागा आधी मोजावी. शिकाऊ आराखड्यांना एवढे कार्ड बहुधा पुरेल. मोठ्याचा हव्यास धरून डबा जाळून घेण्यात अर्थ नाही.

परंतु ग्राहकाने सावध राहावे, हा उपदेश कंपन्यांच्या मनमानीवरचा उतारा होऊ शकत नाही. बाजारात शहाण्याने जपून चालावे हे ठीक. पण रस्त्यात खड्डे ठेवून पादचाऱ्याला शहाणपण शिकवणारी व्यवस्था आम्ही प्रामाणिक मानत नाही. प्रमाणित जोड, खुली पेटी आणि ज्या भागाचा दोष त्याच भागापुरता हमीचा नकार, या तीन गोष्टी कायद्याने बंधनकारक झाल्या पाहिजेत. केंद्राच्या समितीने मेजावरचा संगणक आपल्या यादीत घ्यावा. गोवा शासनाने तसेच दादरा-नगर हवेली व दमण-दीवच्या प्रशासनाने आपापल्या खरेदीपासून आरंभ करावा. खेरडीच्या त्या वडिलांच्या प्रश्नाला आमचे उत्तर सरळ आहे: ज्याने पेटीचे मोल दिले, किल्लीही त्याचीच. हे उत्तर कायद्याच्या पुस्तकात उमटेपर्यंत त्यांचे पत्र आमच्या मेजावरून हलणार नाही.