तुम्हाला थायरॉईड आहे? मलाही आहे!

"डॉक्टर, मला थायरॉईड आहे," असे सांगणारे पेशंट दवाखान्यात रोज येतात. वाचकहो, थायरॉईड मलाही आहे आणि माझ्या कंपाऊंडरलाही आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूस असणारी ती एक ग्रंथी. अपेंडिक्सचे आणि प्रोस्टेटचे तेच. 'बीपी आहे' म्हणणाऱ्याला काय सांगावे? बीपी नसलेला माणूस दवाखान्यात चालत येणार नाही.

आमच्या व्यवसायातील काही मंडळींना असे शब्द ऐकले की राग येतो. मला येत नाही. 'डोके उठले' म्हणणाऱ्याचे डोके काही खुर्ची सोडून उठत नाही. बोलण्याची ती सोय असते. पण थायरॉईड एकाचा कमी काम करतो, दुसऱ्याचा जास्त, आणि दोघांची औषधे अगदी उलट असतात. 'मलाबी थायरॉईडच हाय' म्हणून शेजारणीची गोळी सुरू करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. इथे सोय संपते आणि धोका सुरू होतो.

सर्वांत वाईट शब्द 'गॅस'. पोट फुगले गॅस, ढेकर आली गॅस, पाठ धरली तरी गॅस. इतपत ठीक. पण पन्नाशीतला गडी छातीवर दगड ठेवल्यासारखे होतेय म्हणतो, घामाने शर्ट भिजलेला असतो, डावा हात भरून आलेला असतो, आणि घरचे त्याला सोडा पाजत बसतात. का? तर घरात कोणीतरी 'गॅस झालाय' म्हटले. एकदा नाव ठेवले की माणूस पुढे विचार करीत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात गेलेला प्रत्येक तास हृदयाचा थोडा स्नायू घेऊन जातो. मधुमेही माणसाच्या तर छातीत दुखतच नाही कधी कधी. नुसता दम लागतो, घाम फुटतो. तेव्हा गॅस की आणखी काही, हे घरी ठरवू नका, आधी ईसीजी काढा.

'वारं गेलं' हाही तसलाच शब्द. अर्धांगवायू या पुस्तकी नावातसुद्धा वायू आहेच! वारे म्हटले की तेल लावून चोळणे आले, कबुतराचे रक्त आले. प्रत्यक्षात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते किंवा ती फुटलेली असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅन पाहून. तोंड वाकडे झाले, हात पडला, बोबडी वळली तर मालीशवाल्याला नव्हे, १०८ ला फोन करा.

सलाईनचे मात्र हसू येते. "अंगात ताकद न्हाई, एक बाटली लावा." साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. ताकद त्यापेक्षा भाकरीत जास्त.

शब्द माणसाला लागतो कसा, हे कुंडलकरांना मी सांगायला नको. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांनी या भागात प्रतिसरकार चालवले. त्याचे लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झाले, आणि लोकन्यायालये, गावकारभार हे सारे मागे पडून पायाला पत्री ठोकण्याच्या गोष्टी तेवढ्या उरल्या. ते नाव ऐकून चिडणारे म्हातारे मला भेटले आहेत. त्यांची चीड मला रास्त वाटते.

असाच एक शब्द मला स्वतःला लागतो, तो 'श्वेतकुष्ठ'. अंगावर पांढरे कोड उठते तेव्हा त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात, एवढेच. कुष्ठरोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही आणि ते स्पर्शाने पसरतही नाही. तरी या एका शब्दापायी चांगल्या मुलींची ठरलेली लग्ने मोडतात. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा बधिर असतो, कोडाचा नसतो. तपासायला दोन मिनिटे लागतात. आणि कुष्ठरोग निघालाच, तरी सरकारी दवाखान्यात त्याची औषधे फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. मुलीच्या अंगावर डाग दिसला तर बैठकीत त्याला नाव देण्याआधी तिला एकदा दाखवायला घेऊन या.