आ वासलेली मोरे

मागच्या वर्षी अंदमानात पहिल्यांदा मोरे ईल पाहिली. खडकाच्या फटीतून फक्त डोकं बाहेर, आणि आ वासून माझ्याकडे बघतेय. तोंड उघडतेय, मिटतेय, परत उघडतेय. मी जागच्या जागी गार! वर आल्यावर इन्स्ट्रक्टर हसत म्हणाला, ती फक्त श्वास घेत होती. मोरेच्या कल्ल्यांची भोकं एवढीशी असतात, म्हणून तोंडाची उघडमीट करून त्यांच्यावरून पाणी खेळवत राहावं लागतं. (आपल्या बाजारातली वाम हिचीच लांबची नातलग. तिला मात्र आपण न घाबरता तळतो!)

आता ती अगदीच गरीब गाय आहे असंही नाही. तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. भक्ष्य तोंडात आलं की ही जोडी पुढे झेपावते आणि घास आत ओढून नेते. हे नेमकं कसं चालतं ते शास्त्रज्ञांनी दाखवलं २००७ साली! त्याच्या आदल्याच वर्षी लाल समुद्रातली आणखी एक गंमत प्रसिद्ध झाली होती. तिथला ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकरूचा भाऊबंद, मोरेच्या बिळासमोर जाऊन जोरजोरात डोकं हलवतो. हे शिकारीचं आमंत्रण. मासा फटीत लपला तर मोरेचा, मोकळ्या पाण्यात पळाला तर ग्रूपरचा. आमच्या ऑफिसातल्या दोन टीम्समध्येसुद्धा इतकं को-ऑर्डिनेशन नाही. असो.

माझा राग आहे तो मोरेला हाताने खाऊ घालणाऱ्यांवर. तिची नजर अधू, सगळा भरवसा वासावर. सॉसेज कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं हे तिला कसं कळणार? थायलंडच्या सिमिलन बेटांपाशी २००५ साली असंच सॉसेज भरवताना एका डायव्हरचा अंगठा गेला. पुढे त्याच्या पायाचं बोट काढून हाताला बसवावं लागलं. शिवाय एकदा चटक लागली की ती पुढच्या प्रत्येक डायव्हरकडे खाऊच्या आशेने येणार, आणि बदनाम होणार तीच. माझ्या मते हे सगळीकडे सरळ बंद करायला हवं.

आमच्याच बोटीवर एक साहेब म्हणाले, पाचशे रुपये जास्त देतो, तिला काहीतरी खायला घाल, मस्त फोटो येईल. इन्स्ट्रक्टरने साफ नाही म्हटलं. साहेब किनारा येईपर्यंत गाल फुगवून बसले होते.