पेमेंटची तारीख काय?

नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२९-३० पर्यंत देशात २.३५ कोटी गिग कामगार असतील. तुम्हीही डिझाइन, व्हिडिओ एडिटिंगची कामं घेताय? क्लायंट वाढले की सक्सेस आलंच, असं वाटतं. पण बिल तीन महिने अडकलं, की मिळेल ते काम घ्यावं लागतं. मनासारखं काम निवडण्याची मजाच जाते. म्हणून रेटसोबत पेमेंटची तारीखही लेखी घ्या. एकटा फ्रीलान्सरही उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून मोफत नोंदणी करू शकतो. मग २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावंच लागतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. क्लायंट तुटेल म्हणून गप्प बसू नका. पैसे वेळेवर आले, तरच नको त्या कामाला ‘नाही’ म्हणता येतं.